दोर कुणाचा, दोष कुणाचा?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खोपोलीच्या पुढे घाट लागला की गाड्यांचा वेग मंदावतो आणि शेजारून कोण काय घेऊन चाललंय ते नीट दिसायला लागतं. कधी तरी पुढे एक उघडा ट्रेलर येतो. बाजूला फळ्या नाहीत, वर ताडपत्री नाही. मधोमध पोलादी पत्र्याची एकच जाडजूड कॉइल. वजन १५-२० टन. खाली लाकडाच्या पाचरी, वरून दोन-तीन साखळ्या. आपला ड्रायव्हर काही न बोलता लेन बदलतो. मागच्या सीटवरून कुणी तरी विचारतं, "हे सुटलं तर?"

सुटलं तर काय होईल, हे शाळेतलं भौतिकशास्त्र सांगू शकतं. सुटलं तर कोण जबाबदार, हे सांगायला मात्र कायद्याला दीडशे वर्षं झगडावं लागलं आणि उत्तर अजून पुरं झालेलं नाही. साखळी ज्याने आवळली तो जबाबदार, की स्टिअरिंगवर बसला होता तो? गाडी ज्याच्या नावावर आहे तो, की ज्याच्या आवारात क्रेनने माल चढला तो? हा लेख त्या उत्तराच्या शोधाचा इतिहास आहे.

जड आहे म्हणून हलणार नाही?

आधी एक गैरसमज काढून टाकू. "एवढं जड धूड, ते कुठे हलतंय!" असं लोडिंगच्या जागी सर्रास ऐकू येतं. पण ट्रकने ब्रेक मारला की ट्रक थांबतो, मालाला ते कुणी सांगितलेलं नसतं. तो पुढे जातच राहतो. त्याला अडवणारं पहिलं बळ म्हणजे घर्षण. वजन दुप्पट झालं की घर्षण दुप्पट होतं हे खरं; पण पुढे ढकलणारा जोरही तितकाच दुप्पट होतो. म्हणजे जडपणाचा फायदा शून्य. उलट सुटल्यावर जड वस्तू थांबवणं अशक्य.

जगभरात आज जो हिशेब वापरतात तो असा: माल पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर सहन करेल आणि बाजूला व मागे ०.५ पट, इतकी बांधणी हवी. आपली कॉइल २० टनांची धरू. जोराच्या ब्रेकला ती १६ टनांइतक्या जोराने पुढे जाऊ पाहील. खाली कोरडं लाकूड असेल आणि घर्षण ०.३ धरलं, तर त्यातले ६ टन घर्षण सांभाळेल. उरलेले १० टन साखळ्यांनी, पाचरींनी आणि पुढच्या आडोशाने सांभाळायचे. ट्रेलरचा पत्रा तेलकट असेल आणि कॉइल थेट त्यावर ठेवली असेल, तर घर्षण ०.१ पर्यंत घसरतं. मग साखळ्यांच्या वाट्याला १४ टन येतात.

आणि "पुढे" म्हणजे कुठे? पुढे ड्रायव्हरची केबिन असते. कॉइल सुटली तर बऱ्याचदा ती आधी त्याच्या पाठीवर येते, मग रस्त्यावर. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला इथेच परत यायचं आहे.

पिठाचं पिंप आणि जहाजावरची रेघ

गोष्ट ट्रकच्या आधी सुरू होते. लिव्हरपूलमध्ये स्कॉटलंड रोडवरून एक माणूस चालला होता. पिठाच्या एका व्यापाऱ्याच्या वरच्या खिडकीतून पिंप खाली आलं आणि त्याच्यावर आदळलं. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने विचारलं, व्यापाऱ्याच्या माणसांनी नेमकी काय चूक केली, याचा पुरावा कुठे आहे? पुरावा कुठून असणार? तो रस्त्यावर होता, चूक वर माडीवर झाली होती. दावा बाद झाला.

१८६३ मध्ये प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्ती पोलॉक यांनी बाजू उलटी केली. पिंप आपण होऊन गोदामातून बाहेर पडत नाही. पडलं याचाच अर्थ कुणी तरी हलगर्जीपणा केला. तो आपला नव्हता, हे आता व्यापाऱ्याने दाखवावं. "घटना स्वतःच बोलते" हे कायद्यातलं तत्त्व या खटल्यामुळे प्रसिद्ध झालं. ट्रकवरून पडलेल्या मालाच्या खटल्यांत जगभरचे वकील आजही याचा आधार घेतात.

त्याच काळात ब्रिटनच्या बंदरांतून जुनाट जहाजं बेसुमार माल भरून निघत. लोक त्यांना शवपेट्या म्हणत. जहाज बुडालं तरी मालकाला विम्याचे पैसे मिळत; बुडत ते खलाशी. सॅम्युअल प्लिमसॉल हा खासदार या प्रश्नाने पेटला होता. जुलै १८७५ मध्ये सरकारने संबंधित विधेयक मागे टाकलं, तेव्हा त्याने भर सभागृहात सदस्यांना खलनायक म्हटलं आणि मोठा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी कायदा आला: प्रत्येक जहाजावर रेघ ओढायची, ती पाण्याखाली जाईल इतका माल भरायचा नाही.

पण गंमत बघा. रेघ कुठे ओढायची हे ठरवण्याचा अधिकार जहाजमालकाकडेच ठेवला. ती पळवाट बुजवून रेघेची जागा सरकारी नियमाने ठरायला १८९० साल उजाडलं. नियम कागदावर येतो तेव्हा बहुतेकदा त्यात एक अशी फट असते, आणि ती ज्याच्या फायद्याची असते तो ती जपतो. आपल्या रस्त्यांवरही हेच झालेलं दिसेल.

पोत्याला मिळालं ते माणसाला कधी?

हिंदुस्थानात १८६५ मध्ये वाहतूकदारांसाठी कॅरिअर्स अ‍ॅक्ट आला. त्याच्या नवव्या कलमाने व्यापाऱ्याला मोठा दिलासा दिला. माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. माल सोपवला होता आणि तो नीट पोचला नाही, एवढं दाखवलं की पुरे.

आणि माणूस? अपघातात कुणी गेलं तर घरच्यांना भरपाई मागता येईल असा कायदा त्याआधी दहा वर्षं, १८५५ मध्येच झाला होता. पण तिथे चूक कुणाची हे कुटुंबाने सिद्ध करायचं. पोत्याच्या मालकाला जे सिद्ध करावं लागत नव्हतं, ते मयताच्या विधवेला करावं लागत होतं. आणि फौजदारी बाजूला १८७० मध्ये दंड संहितेत ३०४-अ हे कलम आलं: निष्काळजीपणे मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावरच्या अपघातात या कलमाखाली पहिलं नाव कुणाचं लिहिलं जाणार, हे सांगायला नको. जो जागेवर सापडतो त्याचं.

१९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. तरी चूक सिद्ध करण्याचं ओझं होतंच. मुंबईच्या एका ट्रक आणि मोटारीच्या अपघाताचं प्रकरण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मुंबई उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं की सार्वजनिक रस्त्यावर मोटारीमुळे इजा झाली, एवढं भरपाईला पुरेसं मानावं. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, निष्काळजीपणा सिद्ध व्हायलाच हवा.

मग कायदाच बदलावा लागला. १९८२ च्या दुरुस्तीने ९२-अ हे कलम आणलं. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाल्यास १५,००० रुपये आणि कायमचं अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये मिळणार. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठं होतं. पोत्याला १८६५ मध्ये जे मिळालं, ते माणसाला मिळायला ११७ वर्षं लागली.

कवठ्याजवळची पहाट

हे १५,००० रुपये तरी सहज मिळत होते का? २९ ऑक्टोबर १९८७. पहाटे तीनच्या सुमारास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या कडेला जाऊन आडवा झाला. पेट्रोल गळू लागलं. उजाडू लागलं तशी माणसं जमली. टकरीनंतर साधारण चार तासांनी स्फोट झाला आणि आगीने जमलेल्यांना वेढलं. अनेक जण भाजले, काही दगावले. त्यांत एक तरुण होता. त्याच्या आईने ९२-अ खाली दावा लावला.

समोरून युक्तिवाद आला की टँकर चार तास आडवा पडलेला होता, त्या वेळी त्याचा "वापर" चालूच नव्हता; मग हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघात कसा? न्यायाधिकरणाला ते पटलं आणि दावा फेटाळला गेला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला. टँकरची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "वापर" या शब्दाचा अर्थ चाकं फिरण्यापुरता आखडायचा नाही. बंद पडलेली, उलटलेली गाडीसुद्धा वापरात असू शकते. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकाच साखळीतली कडी आहेत.

१५,००० रुपयांसाठी एका आईचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. पण त्यामुळे एक गोष्ट कायमची ठरली: गाडी थांबली म्हणून तिच्यावरच्या मालाची जबाबदारी थांबत नाही.

चढवलं कुणी?

आता इथवरच्या सगळ्या कायद्यांत एक पात्र गायब आहे. गाडीचा मालक आहे, ड्रायव्हर आहे, विमा कंपनी आहे. ज्याने माल चढवला तो कुठे आहे?

या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका खटल्याने थेट हात घातला. व्हर्जिनिया राज्यात एका ट्रकवर विमानाची इंजिनं लादलेली होती. माल अमेरिकन सरकारचा, चढवला सरकारच्याच माणसांनी. वळणावर इंजिनं सुटली आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर प्राणाला मुकला. "युनायटेड स्टेट्स विरुद्ध सॅव्हेज ट्रक लाइन" या नावाने तो खटला ओळखला जातो. १९५३ मध्ये न्यायालयाने जी वाटणी केली ती अशी: सुरक्षित लादणीची पहिली जबाबदारी वाहतूकदाराची. पण माल पाठवणाऱ्याने स्वतः लादणी केली आणि चूक आत दडलेली असेल, नेहमीच्या नजरेला दिसणारी नसेल, तर जबाबदार पाठवणारा. चूक उघड दिसत असूनही ड्रायव्हर तशीच गाडी घेऊन निघाला, तर मात्र जबाबदार वाहतूकदार.

वाटणी समंजस वाटते. पण तिच्यात एक काटा आहे. ड्रायव्हरला चूक दिसली, तर त्याने काय करायचं? कारखान्याच्या फाटकावर उभं राहून "पुन्हा बांधा, नाही तर निघत नाही" असं म्हणायचं? तसं म्हणणाऱ्याला पुढचं भाडं मिळतं का, हे न्यायालय विचारत नाही.

१९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडातल्या ओंटारिओत ट्रकवरून पोलादी कॉइल सुटण्याच्या घटनांनी खळबळ माजली. चौकशीत लक्षात आलं की नियमांचा बराचसा भाग अनुभवाच्या अंदाजावर उभा आहे. साखळी किती ताण घेते, लाकूड किती धरून ठेवतं, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. मग कॅनडात प्रत्यक्ष ट्रक, साखळ्या आणि ठोकळे घेऊन चाचण्या झाल्या. त्यांच्या आधारे अमेरिकेने सप्टेंबर २००२ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि १ जानेवारी २००४ पासून ते बंधनकारक झाले. कॉइल, लाकडाचे ओंडके, काँक्रीटचे पाइप, जड यंत्रं, प्रत्येकासाठी वेगळा नियम. कॉइलचं भोक आकाशाकडे आहे, बाजूला आहे की पुढे-मागे आहे, यावर साखळ्या कशा टाकायच्या ते ठरतं. सगळ्या साखळ्यांची मिळून सुरक्षित क्षमता मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी. आणि ड्रायव्हरने निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी तपासायची. पुढे दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी पुन्हा. कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि साखळी सैल पडते.

जर्मनीने १९९८ मध्ये वाहतूक कायदा बदलताना जबाबदारी दोन शब्दांत विभागली. माल प्रवासाला टिकेल असा चढवून बांधणं हे पाठवणाऱ्याचं काम. त्या मालासकट गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल हे बघणं वाहतूकदाराचं. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेला. तिथे "जबाबदारीची साखळी" हीच कायद्याची संकल्पना आहे. माल पाठवणारा, पॅक करणारा, चढवणारा, वेळापत्रक आखणारा, माल उतरवून घेणारा, प्रत्येकावर स्वतंत्र कर्तव्य. १ ऑक्टोबर २०१८ पासून तर अपघात होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. धोका टाळण्यासाठी शक्य ते केलं नाही, एवढाच गुन्हा पुरतो.

लाल फडकं

आपल्याकडे काय झालं? लोखंडी सळ्या ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या आणि टोकाला लाल फडकं बांधलेलं, हे दृश्य आपल्या पिढीनेही पाहिलंय. ते फडकं कायद्याची परवानगी अंगावर मिरवत होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मालाला मागे एक मीटरपर्यंत बाहेर येण्याची मुभा होती. प्लिमसॉलच्या रेघेसारखीच ही फट. रात्री, धुक्यात, पावसात फडकं दिसत नाही. मागून येणाऱ्याला सळ्या दिसतात तेव्हा त्या काचेतून आत आलेल्या असतात. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर मार्च २०१४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून बाहेर आलेल्या सळ्यांना बंदी घातली.

वजनाचंही तसंच. पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर दंड होता. पण काही राज्यं पैसे घेत आणि तीच गाडी त्याच मालासकट पुढे सोडत. म्हणजे दंडाचं तिकीट झालं. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की जास्तीचा माल जागेवर उतरवल्याशिवाय गाडी हलता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये झाला. माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर आला तर आणखी वेगळा २०,००० रुपयांचा दंड. भरपाईची रक्कमही वाढली: चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

१९४ व्या कलमातले शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघेही त्यात येतात. म्हणजे कारखान्याच्या काट्यावर वजनाची पावती बघूनही फाटक उघडणाऱ्याला पकडायला शब्द आहेत. पण पकडला जातो तो काचेमागे बसलेला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे कलम वजन मोजतं, लांबी-रुंदी-उंची मोजतं. साखळीची ताकद ते मोजत नाही. २० टनांची कॉइल पासिंगच्या आत आहे, ट्रेलरच्या कडेच्या आत आहे आणि गंजलेल्या एका साखळीने बांधलेली आहे, तर काटा काहीच बोलणार नाही.

परत केबिनपाशी

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील. नव्या न्याय संहितेत अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती आणि तिच्याविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत समाजमाध्यमांवर चालकांना शिव्या घालणं सोपं होतं. पण माल चढवणाऱ्यासाठी किती वर्षं, हा प्रश्न त्या गदारोळात कुठे ऐकू आला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. माल चढवणारे बऱ्याच ठिकाणी माथाडी कामगार. १९६९ च्या कायद्याने त्यांची नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था झाली, आणि तो कायदा देशात अभिमानाने सांगावा असा आहे. पण बांधणीचं तंत्र त्यांना कुणी शिकवायचं? ते ट्रान्सपोर्टरचे नोकर नाहीत, ड्रायव्हरचे तर नाहीतच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभे राहिलात तर दिसेल: व्यापारी माल विकतो, क्रेनवाला उचलतो, कामगार ठेवतो, क्लिनर साखळी आवळतो, ड्रायव्हर निघतो. पाच जोडी हात. अपघात झाला की त्यातले चार आपापल्या घरी असतात.

बिल्टीवर मालाचं नाव असतं, वजन असतं, किंमत असते, गाडीचा नंबर असतो. माल कुणी बांधला, कशाने बांधला, साखळीची क्षमता किती, याचा रकाना सहसा नसतो. एक ओळ वाढवायची, तिच्याखाली माल पाठवणाऱ्याने सही करायची. खर्च जवळजवळ नाही. पण त्या सहीने जबाबदारी केबिनमधून निघून आवारापर्यंत मागे चालत जाईल. प्लिमसॉलच्या रेघेने तेच केलं होतं. बंदर सोडण्याआधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माल जास्त झालाय की नाही हे ठरवलं होतं.

तोवर घाटात असा ट्रेलर दिसला तर मागे चिकटून राहू नका आणि शेजारी रेंगाळू नका. अंतर राखा आणि संधी मिळताच पुढे निघून जा. जाता जाता एकदा केबिनकडे बघा. कॉइल सुटली तर तिच्या वाटेत सगळ्यात आधी तो बसलेला आहे. वाचला, तर एफआयआरमध्ये पहिलं नावही त्याचंच असेल.